दुसरी गोळी

बेकरीचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि काउंटरवर 'आज बंद' अशी पाटी होती. याआधी बेकरीचे मालक अण्णा गेले तेव्हा एकदाच ही पाटी बाहेर आली होती. त्यामुळे ब्रेड घ्यायला आलेली गिऱ्हाइकं शटरसमोर क्षणभर थांबत, आत डोकावत आणि काही न विचारता पुढच्या दुकानाकडे वळत.

चिमी वाकून आत शिरली. मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखान्यात ती मुख्य होती, हाताखालची माणसं तिला वचकून असत. पण या माहेरच्या घरात ती चिमीच राहिली होती. कालचा जळका वास अजून भिंतींना धरून होता. वहिनी खाली मान घालून साच्यांची काजळी खरवडत होती.

"दादा एकटा नाही ना वर?" चिमीनं विचारलं.

"आई आहेत शेजारी. भाऊजीही आलेत." वहिनीनं खरवडणं थांबवलं नाही. "काल माझ्याच्यानं फोनवर नीट सांगवलं नाही."

"आता सांग."

"पाव जळत होते तेव्हा हे भट्टीच्या समोरच उभे होते. दार उघडं, धूर पार रस्त्यावर. यांना दिसत होतं सगळं, पण हात उचलला नाही. भाऊजींनी धावत येऊन यांना बाजूला ओढलं आणि रागानं वाटेल ते बोलले. तर हे म्हणाले, 'मी नसतो तर तुला एवढा त्रास झाला नसता.'" वहिनीनं साचा पालथा घातला. "रडून नाही, चिडून नाही. मैदा संपलाय म्हणून सांगावं, तसं म्हणाले. मी तशीच यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले."

"आणि त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली."

"दिली. पण भाऊजी म्हणाले, सगळे बसल्याशिवाय काही सुरू करायचं नाही."

चिमीनं पर्स चाचपली. गोळ्या तिनं सकाळीच आणल्या होत्या. "चल, बसू या," ती म्हणाली.

वरच्या खोलीत टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. दादा खिडकीपाशी होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. अंघोळ झालेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. चिमीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं मान वर केली, "आलीस?" म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

भाऊनं वेळ घालवला नाही. तीन भावंडांत तो शेंडेफळ. व्हॅन, उधार-वसुली, हॉटेलवाल्यांशी हुज्जत हे सगळं त्याच्याकडे. "चिमीताई, मला एवढंच सांग. एक गोळी लागू पडत नाही, म्हणून तिच्यावर दुसरी. ती नाही पडली की तिसरी. माणूस आहे का पिंप?"

"एक लागू पडत नाही असं नाहीये. अर्धी पडलीय," चिमी म्हणाली. "आधीची गोळी पूर्ण डोसवर दिली, पुरेसे दिवस दिली, काही उपयोग झाला नाही. म्हणून ती बदलली. या गोळीनं तो अंथरुणातून उठला. अंघोळ करतो, खाली उतरतो, भट्टी लावतो. आठव, उन्हाळ्यात तेवढंही नव्हतं. पण गाडी तिथंच अडकलीय. ही काढून तिसरीच सुरू केली तर मिळवलंय तेही जाईल. म्हणून ही ठेवायची आणि जोडीला दुसरी द्यायची. दोघींची काम करायची रीत वेगळी आहे. ही दुसरी रात्री घ्यायची. ती झोपही आणते, सकाळी थोडी सुस्ती राहील."

"दोन्ही पोटात भांडल्या म्हणजे?" आईनं विचारलं.

चिमीला खोटं बोलता आलं असतं. आईचं समाधान झालं असतं. "भांडू शकतात," ती म्हणाली. "माझ्या खिडकीवर अशी दोन औषधं एका कागदावर आली की मी स्वतः डॉक्टरांना फोन लावते. आजही लावला. कुठल्याही दोन एकत्र देत नाहीत, या दोन देतात. तरी लक्ष ठेवावं लागेल. घाम, थरथर, ताप आला किंवा तगमग वाढली तर लगेच जायचं. आणि सुरुवातीला…" ती थांबली. दादा ऐकतोय की नाही, तिला कळेना. मग तिनं ठरवलं की तो ऐकतोय असंच धरून बोलायचं. "सुरुवातीला अंगात हुशारी येते, पण मनातला अंधार तसाच असतो. तेव्हा माणसाला एकटं सोडायचं नाही. दादा, हे तुझ्यासमोर सांगतेय."

"हं," दादा म्हणाला.

"आणि एवढं करून नक्की बरं वाटेल?" भाऊनं विचारलं.

"सांगता येत नाही. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही."

"म्हणजे प्रयोग."

"काल जे झालं तेच चालू ठेवायचं असेल तर तसं म्हण."

भाऊ उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला. जे बोलायचं होतं ते ऐकायला वाईट वाटणार, हे त्याला माहीत होतं. पण या घरात वाईट वाटणाऱ्या गोष्टी बोलण्याचं काम नेहमी त्याच्याच वाट्याला येई.

"रात्री घ्यायची गोळी आहे," तो म्हणाला. "झोप आणणारी. सकाळी उशिरापर्यंत सुस्ती राहील, असं तूच म्हणतेस. मग पहाटे भट्टी कोण लावणार?"

वहिनीनं टेबलावरचा कप उगाच सरकवला.

"मला त्याची काळजी नाही असं समजू नका," भाऊ पुढं म्हणाला. "पण पाव निघाले नाहीत तर हे घर बसेल. आजोबांच्या वेळेपासून ही भट्टी घरातल्याच हातांनी लागलीय. अण्णांनी मला पिठाला हात लावू दिला नाही. म्हणाले, याचा हात गरम आहे, पीठ बिघडतं. सगळं दादाला शिकवलं. मग आता दादाच झोपून राहिला तर मी काय करू?"

त्याच्या आवाजात काळजी होती आणि जुना सलही होता. दोन्ही एकमेकांत इतके मिसळले होते की ते वेगळे काढणं त्यालाही जमलं नसतं.

"तो बरोबर बोलतोय," आई म्हणाली. "आणि मी म्हणते, गोळ्या हव्यातच कशाला? तुमचे वडील असेच होते. दिवसचे दिवस बोलायचे नाहीत. त्यांनी कधी गोळी घेतली? तरी संसार केला, तुम्हाला वाढवलं."

"आई, अण्णा पिठाच्या खोलीत आतून कडी घालून बसायचे," चिमी म्हणाली. "आपण त्याला स्वभाव म्हणत होतो."

"स्वभावच होता."

आता मदत वहिनीकडूनच मिळेल, असं चिमीला वाटलं. त्या दोघी गेले कित्येक महिने एका बाजूला होत्या. डॉक्टरीणबाई शोधल्या दोघींनी, आईला समजावलं दोघींनी. चिमीनं तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तू सांग यांना."

वहिनीनं कप दूर सारला. "मला नकोय," ती म्हणाली.

"काय नकोय?"

"दुसरी गोळी."

"काल तूच नेलंस ना त्याला?"

"नेलं. घाबरले होते म्हणून नेलं. येताना बसमध्ये यांना खिडकीशी बसवलं, आणि माझ्या मनात सुरू झालं, आता हिचा गुण कधी यायला लागेल." वहिनीचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या गोळीच्या वेळी मी रोज उठल्याबरोबर यांचं तोंड बघायचे. आज काही फरक आहे का? काल एक घास जास्त खाल्ला, तो गोळीमुळे का? यांना कळायचं मी काय शोधतेय ते. मग मला बरं वाटावं म्हणून हे हसून दाखवायचे. ती बदलली, तेव्हाही तेच. मला यांचं दुखणं सोसवेल, चिमी. ते हसणं परत नाही बघवणार. तू गोळी बदलून देतेस आणि घरी जातेस. मी इथं आशा लावून बसते."

चिमीचे कान तापले. ही बाई एकटी काय ओढत होती, याचा आपण कधी विचारच केला नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

आई मात्र मुलाकडे बघत होती. वहिनी बोलत असताना त्याची मान हलली होती. त्यानं बायकोकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं, पण इतक्या दिवसांत त्यानं आपणहून कुणाकडे पाहिलेलं तिनं बघितलं नव्हतं.

"आपण सगळे बोलतोय," आई म्हणाली. "याला कुणी विचारलं का? बाळा, तुला काय वाटतं?"

"वाटत नाही काही," दादा म्हणाला. "तोच तर आजार आहे, आई."

भाऊ परत येऊन खुर्चीत बसला.

दादाला शब्द गोळा करायला वेळ लागत होता. एकेक वाक्य जड पोत्यासारखं उचलून आणल्यागत तो बोलत होता. "लहानपणी आम्ही पिठाच्या खोलीबाहेर बसायचो, चिमी आणि मी. अण्णा आत काय करत असतील? ही म्हणायची, झोपलेत. मला वाटायचं, काहीतरी नवीन बनवताहेत, एक दिवस बाहेर आणून दाखवतील." तो थांबला. "आता मला माहीत आहे ते काय करायचे. काही नाही. दार उघडून आपल्यासमोर येण्याएवढं बळ गोळा करत बसायचे. काही वेळा व्हायचं गोळा."

आईनं पदराचं टोक घट्ट धरलं.

शेवटच्या वेळी ते बळ गोळा झालं नव्हतं, हे तिला माहीत होतं. छातीत दुखतंय हे त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलंच नव्हतं. कडी तोडून आत गेले तेव्हा ते पोत्याला टेकून बसलेले होते आणि सगळं संपून गेलं होतं. लोकांना तिनं हृदयविकार म्हणून सांगितलं, ते खरंच होतं. पण दुखतंय एवढं बायकोला सांगावं, असं त्या माणसाला का वाटलं नाही, हा प्रश्न तिनं आजवर मनाच्या कोपऱ्यातही येऊ दिला नव्हता. आता तो प्रश्न समोर खिडकीशी बसला होता, तिच्या मुलाचे हात गुडघ्यांवर ठेवून.

"चिमे, गोळी काढ," ती म्हणाली.

"आई, रात्री घ्यायचीय ती."

"मग रात्री. पण ती माझ्या हातानं द्यायची." तिनं सुनेकडे पाहिलं. "तू आशा लावू नकोस. बघूही नकोस त्याच्या तोंडाकडे. तुझं करून झालंय पुष्कळ. आता ते काम माझं."

वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चिमीनं खुर्ची तिच्या जवळ ओढली, पण हात लावला नाही.

भाऊ म्हणाला, "भट्टी मी लावतो."

दादानं त्याच्याकडे बघितलं. "तुझा हात गरम आहे," तो म्हणाला.

हसावं की नाही, कुणालाच कळेना. मग भाऊच हसला, थोडंसं, आणि लगेच नाक पुसायला त्याला रुमाल शोधावा लागला.

---

पहिले काही दिवस दादा नुसता झोपला. ऊन खोलीत पार आत येई तेव्हा तो उठे, तोंडाला कोरड पडलेली, पावलं जड. आई शेजारी बसून पाण्याचा ग्लास पुढं करी. खाली भाऊचे पाव दगडासारखे निघत. जुनी गिऱ्हाइकं भीड म्हणून एकदा नेत, दुसऱ्या दिवशी येत नसत. वहिनी काउंटरवर उभी राहून माफी मागे आणि उरलेल्या पावांचे टोस्ट करायला ठेवी.

मग एका संध्याकाळी दादाला बसवेना. तो खोलीत येरझारा घालू लागला, बटणं लावायचा आणि काढायचा. आईनं कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता. तिनं चिमीला फोन केला, चिमीनं डॉक्टरीणबाईंना. घेऊन या म्हणाल्या. त्यांनी तपासलं. दोन गोळ्या भांडल्याची सगळ्यांना भीती होती, तसं नव्हतं. डोस खाली आणला, पुन्हा हळूहळू चढवू म्हणाल्या. पण तगमग उतरायला दोन-तीन दिवस लागले. त्या दिवसांत भाऊ त्याला घेऊन रस्त्यानं चालत राही. शाळेच्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, पेट्रोलपंपापर्यंत यायचं, पुन्हा वळायचं.

"तू पहारा ठेवतोयस माझ्यावर," दादा एकदा चालता चालता म्हणाला.

"हो."

"तुझ्या भट्टीची वेळ होते पहाटे. झोप जाते तुझी."

"तू थकलास की झोपतो."

भाऊच्या मनात होतं, विचारावं, तसले विचार येतात का? चिमीनं सांगितलं होतं, विचारल्यानं ते वाढत नाहीत, सरळ विचार. पंपाजवळ वळताना त्यानं विचारलं.

"येतात," दादा म्हणाला. "आज कमी आले."

"आले की मला सांगशील?"

"तू झोपलेला असलास तर?"

"तर उठव."

दादानं मान डोलवली. भाऊनं ते वचन म्हणून घेतलं, कारण दुसरं घेण्यासारखं काही नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा थोडं बरं चाललं होतं. दादाची झोप आता झोपेसारखी झाली होती. तो जेवे, त्याचं पोट सुटलं, जुन्या पॅन्टी होईनात. दुपारी खाली येऊन तो स्टुलावर बसे आणि भाऊ दुसऱ्या दिवसाचं पीठ भिजवत असला की मधूनच म्हणे, "पाणी थांबव आता." पाव सुधारले. गिऱ्हाइकं परतली, सगळी नाहीत.

वहिनी आईच्या बोलण्याला जागली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. चहा देताना कपाकडे बघे, बोलताना ट्रेकडे.

"हल्ली मी हसून दाखवत नाही," एकदा तो तिला म्हणाला.

"कळलंय मला," ती म्हणाली आणि ट्रे पुसत राहिली. मग माजघरात जाऊन उभी राहिली. आशा लावायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती कधी लागली ते तिला समजलंच नव्हतं.

म्हणून पुढचं तिला जास्त लागलं. कारण तेवढ्यावरच सगळं थांबलं. झोप होती, भूक होती, आणि त्यांच्या आत माणूस अजून तसाच होता, कडी घातलेला. डॉक्टरीणबाईंनी रात्रीचा डोस वाढवला. महिना गेला. एका सकाळी आई पाण्याचा ग्लास घेऊन गेली तर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता बंद करा सगळं. मला कंटाळा आलाय बरं होण्याचा."

आईनं चिमीला फोन केला नाही. वहिनीलाही हाक मारली नाही. ती जिन्यात आली आणि खाली भाऊला म्हणाली, "हात धू. तू घेऊन जा याला."

दवाखान्यात दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जोडीनं थोडं काम केलंय, पुरेसं नाही. माझी अपेक्षा याहून जास्त होती. यापुढं एक वेगळं औषध आहे, या गोळीला बळ देणारं. जुनं आहे, पण जपून द्यावं लागतं. रक्त वरचेवर तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. त्याआधी तुमचं मूत्रपिंड, थायरॉईड बघावं लागेल. तेही नाही चाललं तर गोळ्यांच्या पलीकडचे उपचार आहेत. मी थांबलेली नाही. पण तुमच्या मनाविरुद्ध मी ते सुरू करणार नाही."

"नको," दादा म्हणाला. "थांबू या." आणि भावाकडे वळला. "तूच म्हणाला होतास, माणूस आहे का पिंप."

"म्हणालो होतो," भाऊ म्हणाला.

तो बोटांच्या पेरांतलं सुकलेलं पीठ काढत बसला.

"दादा, मला पाव जमायला लागलाय," तो म्हणाला. "अण्णांसारखा नाही, तुझ्यासारखा नाही, पण खपतो. दोघांना हाताखाली घेतलं तर बेकरी तुझ्यावाचून चालेल. त्या दिवशी मी भट्टीसाठी भांडत होतो. आज त्यासाठी नाही आलो. मला तुझा काही उपयोग नाही आता. तरी तू हवायस. बरा झालास तर झालास. नाही झालास तर असाच ये खाली, बस स्टुलावर, तोंड पाडून बस. पण अस."

दादानं भावाच्या हातांकडे पाहिलं. मनगटांवर भाजल्याचे ताजे डाग होते, तो शिकत असताना त्याच्या स्वतःच्या हातांवर होते तसे.

"आणि तेही लागू नाही पडलं तर?" त्यानं विचारलं.

"मग आपण दोघं इथंच येऊन बसू."

दादानं हो म्हटलं नाही. बाहेर परिचारिकेनं रक्त घ्यायला कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा भाऊ उठायला लागला आणि थांबला. दादा आधीच उठला होता. तो खुर्चीत जाऊन बसला, शर्टाचं बटण काढलं आणि आपल्या हातानं बाही कोपराच्या वर सरकवली. परिचारिका शीर शोधत होती. ती लवकर सापडेना, दोनदा सुई टोचावी लागली. त्यानं हात मागं घेतला नाही.